'स्थळ'ला सहा? नाही पटलं भावड्या

परभणी, रविवार रात्र

प्रिय भावड्या,

काय करायलास? तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला अन् ठरवलं की ह्याला फोनवर उत्तर द्यायचंच नाही, लिहूनच पाठवायचं, कारण फोनवर तू मधीच बोलतूस अन् माझा मुद्दा कधी पुरा होत नाही. तर आता शांतपणे वाच.

तू 'स्थळ' पिच्चरला दहापैकी सहा दिलेस. कॉलेजपासून आपण लाल वहीत पिच्चरचे मार्क लिहीत आलोत, तुझे-माझे एक-दीडनं मागंपुढं झाले असतील, पण तीनचा फरक कधीच पडला नव्हता. माझे नऊ आहेत.

तुझं म्हणणं काय, तर तोच तोच सीन परत परत येतो. पाहुणे येतेत, चहा-पोहे होतेत, पोरगी येऊन बसती, नाव काय, शिक्षण काय, उंची किती, आवड कशाची, पाहुणे जातेत, की पुन्हा तेच. अरे पण तेच तर आहे ना! डायरेक्टर जयंत सोमलकरनं ते सारखं सारखं दाखवलंय म्हणून तर ते अंगावर येतं. अन् सुरुवात आठव, पोरगा मधी बसलाय अन् बाया त्याला प्रश्न विचारायल्यात, तिथं तू पण हसला असशील. मग तेच प्रश्न पिच्चरमधल्या पोरीला, सविताला यायला लागले की हसू कुठं जातं बघ. कॉलेजात समाजशास्त्राच्या तासाला महिला सक्षमीकरण शिकायचं अन् घरी येऊन मान खाली घालून उंची सांगायची, अन् बाप कापसाच्या भावाकडं डोळे लावून बसलेला. गाव चंद्रपूरकडचं, बोली तिकडची, पण कापूस तर आपल्या घरातला आहे ना.

माझ्या ताईचे पाच कार्यक्रम झाले आमच्या समोरच्या खोलीत. आई दरवेळी शेजारच्या काकूकडून कपबश्या आणायची, कारण आमच्या सहाच्या सहा एकसारख्या नव्हत्या. पाचव्यांदा ताई पोह्यांचा ट्रे ठेवून बसली अन् समोरच्या काकांनी तोंड उघडायच्या आधीच म्हणली, 'पाच फूट दोन इंच.' खोलीतले सगळे हसले. मी पण हसलो. मला ते लै भारी वाटलतं तेव्हा, की ताई काय हुशार बोलली. 'स्थळ' बघताना ते आठवलं अन् मला कळलं की ती हुशारी नव्हती रे, ती थकलती.

अजून एक सांगतो, हे कुणालाच सांगितलं नाही. दोन वर्षाखाली मी पोरगी बघायला गेलतो ना, तिथं मामानं कोपरानं ढोसलं, 'विचार की काहीतरी,' अन् माझ्या तोंडातून काय निघावं, तर उंची किती. ती समोर बसलेली, आत येताना तिला बघितलेलं, मला काय दिसत नव्हती का उंची? तिनं सांगितली. हातात रुमाल होता, तो बोटाला गुंडाळायची अन् सोडायची, गुंडाळायची अन् सोडायची. 'कळवतो' म्हणून आम्ही उठलो अन् नंतर काहीच कळवलं नाही. म्हणून म्हणतो, तुला तो सीन रिपीट वाटला, मला त्या सीनमधी मी दिसलो. एक मार्क कापला तो पिच्चरमधल्या प्रोफेसरच्या ट्रॅकसाठी, तो जरा अजून फुलवायला पाहिजे होता.

राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. २०२३ ला टोरांटोच्या फेस्टिवलात ह्या पिच्चरला आशियाई पिच्चरसाठीचा नेटपॅक अवॉर्ड मिळाला, आपल्याकडं लागायला मार्च २०२५ उजाडला, अन् लागला तर जवळच्या टॉकीजला एकच शो, तो पण भर दुपारी, अन् मी गेलो तर म्हणले तिकिटं गेली नाहीत, शो कॅन्सल. शेवटी तपोवन एक्सप्रेस पकडून संभाजीनगरला जाऊन बघितला. माणसं कामाला गेलेली असतेत तेव्हा शो लावायचा अन् मग म्हणायचं मराठी पिच्चरला पब्लिक नाही!

'दशावतार'ला सात. दिलीप प्रभावळकरांसाठी सात, ८१ व्या वर्षी काय जीव ओतलाय त्या माणसानं! बाकी गोष्ट पुढं पुढं ताणलीय.

'सबर बोंडं'ला मात्र नऊ, तिथं आपलं जमलं. अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलात ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं तेव्हापासून वाट बघत होतो. बॅकग्राउंड म्युझिक नाही, बापाच्या दुखवट्याचे दहा दिवस, मुंबईहून आलेला आनंद अन् गावातला बाळ्या, त्या दोघांचं प्रेम, अन् सगळं जाणून असलेली आई. कुणी कुणाला मोठमोठ्यानं काही समजावत नाही. मी दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही बघ.

आता 'बापल्योक'. २०२३ चा आहे, मला उशीर झाला, पण बरं झालं, कारण अण्णासोबत, माझ्या बापासोबत बघितला. बाप-लेक मोटरसायकलवर पोराच्याच लग्नाच्या पत्रिका वाटत फिरतेत, एवढीच गोष्ट, शशांक शेंडे अन् विठ्ठल काळे. आमचं कसं आहे तुला माहितीय, मी अन् अण्णा एका खोलीत बसलो तरी टीव्हीच बोलतो. पिच्चर संपला तरी अण्णा उठले नाहीत, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मग म्हणले, 'गाडीत पेट्रोल आहे का? उद्या सेलूला मावशीकडं जाऊन येऊ.' गेलो. जाताना-येताना ते मागं बसले, येताना खांद्यावर हात ठेवलता, खड्डा आला की घट्ट धरायचे. साडेआठ लिही माझे.

संक्रांतीला सुट्टी काढ. ज्वारी यंदा चांगली आलीय, हुरड्याला ये, अन् त्यानंतर अजिंठा-वेरूळ फिल्म फेस्टिवलला दोघं जाऊ, मागच्या टायमासारखं लाइनीत उभं राहून. लाल वही तुझ्याकडंच आहे, ती विसरू नकोस, पण 'स्थळ'समोर तुझे सहा पेनानं लिहू नकोस अजून. ताई पण येणारय संक्रांतीला, अन् तिनं तो बघितला नाही. तिच्या शेजारी बसून एकदा बघ, मग लिही.

तुझाच,
परभणीवाला