हरण्याला कुठं ठेवू?

प्रिय दत्ता,

पत्राला उशीर झाला, शिव्या भेटलास की घाल. गुडघा आहे तसाच, बीपी ठीक. लिहायला बसलो ते हरण्यासाठी, माझ्या या कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यासाठी.

परवा तुरीतून ससा उठला आणि हा साखळी हिसकून गेला. ससा दिसला की कारवानाला कान उरत नाहीत, हे तुला काय सांगायचं! ओरडून घसा बसला. तो सरळ हायवेपलीकडे, ट्रकच्या तोंडापुढून. बऱ्याच वेळाने लंगडत आला, टाचेवर काटेरी तारेची चीर. ससा निसटला हे बरंच. धरला असता तर 1972च्या वन्यजीव कायद्याने मीच आत. घरचे म्हणतात, "कुत्रंच ते, पळणारच." ट्रक त्यांनी कुठं पाहिला!

टाक्यांच्या वेळी डॉक्टरांना आधीच सांगितलं, अंगात चरबी नसलेली जात आहे, भूल जपून द्या. तिथल्या एक बाई मात्र मला म्हणाल्या, "काका, याला खायला घालत जा हो." तूही हेच भांडायचास. अरे, याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. सगळ्यांनी काय तुझ्या पोटाच्या मापाने वाढायचं?

आता पोरगा म्हणतो, पुण्याला फ्लॅटवर नेतो. घरात हा दिवसभर लोळतो, भुंकतही नाही फारसा, म्हणून त्याला सोपं वाटतं. पण रोज कुंपणाच्या आत मोकळा सुटून पळाला नाही तर घरातल्या गाद्यांचं काही खरं नाही. लिफ्टमध्ये कुणी परक्याने डोक्यावर हात ठेवला की हा अंग चोरून भिंतीला लागणार. रागावलं तर दिवसभर तोंड फिरवून बसतो (कुणासारखा, ते लिहीत नाही). जेवल्या जेवल्या पळवायचं नाही, पोटाला पीळ पडला तर काही तासांत जीव जातो. ऑफिसच्या घाईत हे कोण सांभाळणार?

माझ्याच्याने आता त्याला पळवणं होत नाही. तुझ्या बागेला उंच जाळी आहे, तूच त्याला ठेवून घे. फरशीवर झोपवू नकोस, कोपरांना घट्टे पडतात. थंडीत जाड गोधडी दे. आणि कारवानाचंच दुसरं नाव म्हणून त्याला मुधोळ म्हणायचं नाही! पोस्टाने 2005 साली तिकिटावर मुधोळ छापला म्हणून तू वाद जिंकलास असं होत नाही.

लेकीचा निकाल लागला का? बोअरला पाणी टिकलंय ना? वहिनींना विचारूनच उत्तर दे, नेहमीसारखा परस्पर हो म्हणून मोकळा होऊ नकोस. टाके रविवारी निघतील, मग त्याला घेऊन येतो. जमणार नसेल तर त्याआधी फोन कर.

तुझा,
बाळ्या