पीडीएफशेजारी ईपबही ठेवा

संपादक महोदय,

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर कितीतरी मराठी ग्रंथ मोफत मिळतात, पण पीडीएफ रूपात. स्वस्त ई-रीडरचा पडदा सहा इंची, म्हणजे रुंदीला जेमतेम नऊ सेंटिमीटर. ए-फोर पान त्यात बसवले की १२ पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटचे होते. मोठे करावे, तर दर ओळीला पान डावीउजवीकडे सरकवत बसायचे.

'कॅलिबर' हे मोफत सॉफ्टवेअर पीडीएफची ईपब (पडद्याच्या मापाप्रमाणे ओळी जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल) करून देते खरे, पण त्याआधी फाइलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी. रोमन अक्षरांची खिचडी उतरली, तर मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फाँटातला आहे. ओळ निवडताच येत नसेल, तर ते नुसते स्कॅन आहे. जुन्या फाँटाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक मिळाला तर ठीक; तो नसेल तर, आणि स्कॅनला तर नेहमीच, ओसीआरला (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करण्याला) पर्याय नाही: पाने सरळ, ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) हवीत आणि टेसरॅक्ट या मोफत ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडलेली हवी. ओळ देवनागरीत उतरली तरी निर्धास्त राहू नये. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात, उच्चारक्रम नव्हे. म्हणून ऱ्हस्व वेलांटी मागच्या अक्षराला चिकटते, 'अर्थ'चा 'अथर्' होतो. मुद्रितशोधन टळत नाही.

मजकूर वर्डमध्ये घेऊन ते करावे. पानक्रमांक आणि माथ्यावरची पुस्तकनावाची ओळ काढावी, ओळीअखेरचे फाजील एंटरही. (कविता, ओव्या असतील तिथे मात्र सरसकट 'रिप्लेस ऑल' नको, सगळ्याचे गद्य होते.) प्रकरणांच्या नावांना 'हेडिंग १' शैली द्यावी, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप बनते. फाइल डॉक्स (.docx) म्हणूनच जतन करावी. जुनी डॉक (.doc) फाइल कॅलिबर घेत नाही. रूपांतर करताना भाषा मराठी नोंदवावी आणि 'मुक्त' किंवा नोटो देवनागरी हा फाँट फाइलमध्ये अंतर्भूत करावा, नाहीतर काही ई-रीडरवर नुसते चौकोन दिसतात. किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरसाठी मोबी प्रकारची फाइल करण्याचा जुना सल्ला आता विसरावा. किंडलवर फाइल पाठवण्याची 'सेंड टू किंडल' ही सेवा २०२२ पासून ईपब घेते.

एवढा खटाटोप प्रत्येक वाचकाने वेगवेगळा का करायचा? नवे पुस्तक युनिकोडमध्ये जुळवले असेल, तर इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधूनच ईपब निघते. वर थोडे तपासकाम लागते इतकेच. मंडळाने आणि मोफत अंक देणाऱ्या दिवाळी अंकांनी निदान यापुढच्या प्रकाशनांसाठी तरी ते करावे. जुन्या स्कॅनचे काम मोठे आहे, ते टप्प्याटप्प्याने होईल.

– एक वाचक, पुणे