चौकटीतले तास

एडिसन, न्यू जर्सी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, छत्तीसच तास झाले, चाळीस भरलेच नाहीत, मग ओटी कुठला?" मी पटकन "हो रे" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मात्र मनाला लागून राहिलं. चाळीसचं गणित तुला मीच शिकवलंय आणि ते इथलं आहे. तू आता कॅलिफोर्नियात काम करतोस. ओटीला, म्हणजे ओव्हरटाइमला, जिथे काम करतो तिथला कायदा लागतो, म्हणून हे सगळं नीट लिहून पाठवते आहे.

सगळ्या देशाचा कायदा १९३८ चा. आठवड्यात चाळीस तासांच्या वर काम झालं, की त्या वरच्या तासांना दीडपट पैसे. न्यू जर्सीतही तेच. पण राज्याला याहून जास्त देता येतं, आणि दोन कायद्यांपैकी कामगाराच्या फायद्याचा असेल तो चालतो. कॅलिफोर्नियात दिवसही मोजतात. दिवसाचे आठ तास साधे, आठच्या वर बारापर्यंत दीडपट, बाराच्या वर दुप्पट. मालकाने ठरवलेल्या आठवड्यात सातही दिवस काम केलंस, तर सातव्या दिवशी पहिल्या तासापासूनच दीडपट आणि आठनंतर दुप्पट.

आता तुझाच आठवडा घे. सोमवारी तू तेरा तास होतास. वीस डॉलरच्या दराने आठ तासांचे १६०, पुढच्या चार तासांचे तीसप्रमाणे १२० आणि शेवटच्या एका तासाचे ४०. झाले ३२०. मंगळवारी नऊ तास, त्याचे १९०. बुधवारचे आठ, गुरुवारचे सहा. सगळे मिळून ७९० व्हायला हवेत. तू पाठवलेल्या पेस्टबच्या, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीच्या, फोटोत ७२० आहेत. छत्तीस गुणिले वीस, बस. सत्तर डॉलर कमी दिलेत तुला, एका आठवड्यात.

एक मात्र आधी विचारून घे. काही ठिकाणी कामगारांनी गुप्त मतदान करून, दोन तृतीयांश मतांनी, दहा-दहा तासांचे चार दिवस मान्य केलेले असतात. तसं रीतसर झालं असेल तर दहापर्यंत ओटी लागत नाही. तुझ्याकडे असं काही नसावं असं मला वाटतं, कारण तुझे तास रोज बदलतात. आणि कमी पैशांत चालेल अशी सही कुणी घेतली असेल, तरी त्याने हा हक्क जात नाही.

मी एवढी का पेटले आहे ते सांगते. तू दोन वर्षांचा होतास तेव्हा मी एका दुकानात तासावर काम करायचे. पगार दोन आठवड्यांनी. एका आठवड्यात अठ्ठेचाळीस तास भरले, पुढच्यात बत्तीस. दुकानवाले म्हणाले, दोन्ही मिळून ऐंशी, म्हणजे सरासरी चाळीस, ओटी नाही. मला ते पटलं. खरं तर प्रत्येक आठवडा वेगळा मोजायचा असतो, सरासरी काढताच येत नाही. हे मला कळलं तोवर मुदत निघून गेली होती. तेव्हा न्यू जर्सीत दोनच वर्षं मिळायची, २०१९ पासून सहा केली आहेत. पैशांपेक्षा जास्त राग याचा येतो, की त्या आठवडाभर तू शेजारच्या मावशींकडे झोपून जायचास आणि मी तुला तशीच उचलून घरी आणायचे.

चिंचवडच्या कारखान्यात आजोबांना ओटी दुप्पट मिळायचा, १९४८ च्या कायद्याप्रमाणे. तरी ते तास खिशातल्या डायरीत रोज पेन्सिलीने टिपायचे. कंपनीच्या कार्डावर विसंबले नाहीत कधी.

तू म्हणालास की पंच-आउट केल्यावर, म्हणजे काम संपल्याची वेळ नोंदवल्यावर, सुपरवायझर रॅम्प झाडायला लावतो, दहाच मिनिटं तर असतात. ती दहा मिनिटंही लिही. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टापुढे २०१८ साली असंच प्रकरण होतं. पंच-आउट केल्यावर दुकान बंद करण्यात रोज चार ते दहा मिनिटं जायची. सतरा महिन्यांत ती बारा तास पन्नास मिनिटं भरली, म्हणजे १०२ डॉलर ६७ सेंट. मालकाचं म्हणणं, एवढं काय मोजायचं. कोर्टाने सांगितलं, तासावर राबणाऱ्याला एवढ्यात आठवड्याचा किराणा येतो.

आधी पगाराचं बघतात त्यांना ईमेल कर. भांडू नकोस, तारीख, तास आणि फरक एवढंच लिही. चूक असेल तर ते दुरुस्त करतील. नाहीच केली, तर लेबर कमिशनरकडे दावा करता येतो. फी नाही, वकील लागत नाही, तीन वर्षांची मुदत आहे. पैसे मागितले म्हणून कामावरून काढणं किंवा तास कमी करणं हेही बेकायदा आहे, तेव्हा घाबरू नकोस.

सोबत कालनिर्णय पाठवते आहे. फ्रिजवर लाव. आजी दुधाचा हिशेब लिहायची तसे रोजच्या चौकटीत आल्या-गेल्याची वेळ आणि तास लिही. त्या आठवड्याच्या चार चौकटी मी भरून ठेवल्या आहेत: १३, ९, ८, ६.

जेवणाची सुट्टी पाच तास भरायच्या आत घेत जा.

तुझी,
आई