अगाशीवरून दिसलेला ठिपका

बडोदे, 9 मे 2025

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, एका ठिपक्यात एवढं काय बघायचं?" तेव्हा गडबडीत होतीस, म्हणून बोललो नाही.

एप्रिलअखेरीस, अमावास्येच्या आसपास, सलग चार रात्री अगाशीवर बसलो. (पुण्याला गेल्यापासून तू गच्ची म्हणतेस. आमची अगाशीच.) दांडिया बाजाराच्या दिव्यांमुळे नुसत्या डोळ्यांनी काही लागेना, म्हणून दुर्बीण पाण्याच्या टाकीवर टेकवली. दिनदर्शिकेच्या फाटलेल्या पानामागे पेन्सिलीने तूळ राशीतले तारे मांडले. पहिल्या रात्री सात ठिपके. दुसऱ्या रात्री सहा जागच्या जागी, सातवा किंचित सरकलेला, दिवसाला साधारण चंद्राच्या अर्ध्या रुंदीएवढा. शेजारच्या बेन विचारत होत्या, "शुं जुओ छो?" (काय बघताय?) काय सांगणार? म्हटलं, तारा चालतोय.

तो वेस्टा, एक लघुग्रह. 2 मेला सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, आला होता. ओल्बर्स नावाच्या जर्मन डॉक्टरने 29 मार्च 1807 ला ब्रेमेनहून शोधलेला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात, सूर्यापासून 32 ते 38 कोटी किलोमीटरवर फिरतो. एका फेरीला 3.63 वर्षं लागतात. म्हणजे तू अठरा पूर्ण केलीस, पण तिथल्या हिशेबाने पाचवं अजून पुरं व्हायचंय. दिवस मात्र 5 तास 20 मिनिटांचा. इथून निघालेली तुझी गाडी वसईच्या आसपास पोहोचेपर्यंत तो संपतो. व्यास सुमारे 525 किलोमीटर.

2011 मध्ये नासाचं डॉन यान त्याच्याभोवती फिरायला लागलं आणि दक्षिण टोकाचा खड्डा जवळून दिसला. रुंदी सुमारे 500 किलोमीटर, जवळजवळ त्या गोळ्याएवढीच! मधोमध वीस किलोमीटरहून उंच शिखर. पावागडला माचीवरच "आता पुरे" म्हणून बसलेलीस, आठवतं?

ज्या धडकेने तो खड्डा पडला, तिच्यात उडालेले तुकडे अजून भटकतात, आणि काही आपल्याकडे पडतात. 1996 च्या जूनमध्ये राजस्थानातल्या पिपलिया कलां गावी असाच दगड पडला, सुमारे 42 किलोचा. त्याची जात वेस्टाच्या पृष्ठभागाशी जुळते. आपल्या शेजारच्या अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत तो तपासला, तेव्हा अॅल्युमिनियम-26 च्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या एका किरणोत्सारी प्रकाराच्या, खुणा मिळाल्या. हे अॅल्युमिनियम सुमारे सात लाख वर्षांत निम्मं विरतं आणि विरताना उष्णता देतं. सूर्यमाला नवी असताना त्याच उष्णतेने असे लहान गोळे आतून वितळले, लोखंड तळाशी बसलं, वर लाव्हा आला. वेस्टा म्हणजे रोमन लोकांची चुलीची देवी. नाव ठेवणाऱ्या गाउस या जर्मन गणितज्ञाला आतल्या भट्टीचा पत्ता असणं शक्यच नव्हतं.

तुझ्यासाठी ते पान जपून ठेवलंय. आईने त्यावर दुधाचा हिशेब लिहिला, पण ठिपके शाबूत आहेत.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तो पुन्हा समोर येईल, यंदापेक्षा जरा मंद. नेमकी नवरात्र असेल, सगळं बडोदं उजळलेलं. तू येशीलच गरब्याला. रात्री परतलीस की पायातले घुंगरू काढून, शेजाऱ्यांना न उठवता, वर ये. मी टाकीजवळच असेन.

तुझा
बाबा