चिठ्ठ्या लपवण्याचे दिवस

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "आता कोणी चिठ्ठ्या लपवत नाही रे." तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घोळतंय. फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आपल्या ट्रेझर हंटची गोष्ट निघाली की बाकीचे धावपळीबद्दल बोलतात. मला मात्र आदल्या रात्रीच आधी आठवतात. तू आणि मी जमिनीवर पसरलेल्या कागदांच्या तुकड्यांत बसलेलो, आणि कुठली चिठ्ठी आधी कोणाच्या हाती लागेल यावर आपला वाद चाललेला. शेवटाकडून सुरुवात करायची ही तुझी पद्धत. आधी खजिन्याची जागा पक्की करायची, मग तिथे नेणारी चिठ्ठी लिहायची, मग त्या चिठ्ठीपर्यंत पोचवणारी. उलटं मागे येत गेल्यामुळे साखळी कधी तुटली नाही. मी आजही कुठलंही काम आखताना तसाच शेवटाकडून निघतो.

तुझं सगळ्यात सुंदर कोडं माझ्या मते पंचवीस घरांचं. क पासून म पर्यंतची व्यंजनं तू पाच ओळी आणि पाच रकान्यांत मांडलीस: क-वर्ग पहिल्या ओळीत, च-वर्ग दुसऱ्या, असं प-वर्गापर्यंत. पहिला आकडा ओळीचा, दुसरा रकान्याचा. पुढे मला कळलं की पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, मशालींनी दूरवर निरोप धाडण्यासाठी, अक्षरांची अशीच पाच-पाचांची मांडणी सांगून ठेवली होती. ग्रीक अक्षरं २४, त्यामुळे त्याचं एक घर रिकामं राहायचं. आपला चौकोन मात्र काठोकाठ भरतो. हे वाचलं तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

चिठ्ठीवर तू फक्त लिहिलं होतंस: ११, ५१, ३१. मंडळींनी चौकोन ओळखला, अक्षरं काढली. क, प, ट. "कपट!" आणि मग जो गोंधळ उडाला! कोणीतरी फितूर आहे, चिठ्ठी आधीच कोणीतरी पळवली आहे, असं म्हणत सगळे एकमेकांचे खिसे तपासायला लागले. तू भिंतीला टेकून अगदी निर्विकार उभा. एवढ्यात आपल्यातली सगळ्यात कमी बोलणारी मैत्रीण शांतपणे उठली आणि तिने कपाट उघडलं. आकड्यांत काना मावत नाही, हे तिच्या एकटीच्या लक्षात आलं होतं. पुढची चिठ्ठी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. त्या क्षणी तिच्याइतकाच आनंद तुझ्या चेहऱ्यावर होता. कोडं रचणाऱ्याला ते सुटलेलं हवं असतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

चकवे घालायचे नाहीत यावर तू ठाम होतास. मला एखादी खोटी वाट ठेवायचा मोह व्हायचा. तू म्हणायचास, अवघड कर, हवं तेवढं अवघड कर, पण उत्तर हाती आलं की ते बरोबर आहे हे त्यांचं त्यांना कळलं पाहिजे, आपल्याला विचारायला लागता कामा नये. म्हणून प्रत्येक कोडं आधी खेळात नसलेल्या कोणाला तरी सोडवायला द्यायचं आणि आपण तोंड मिटून बघत बसायचं. ते गप्प बसणंच फार जड जायचं.

सोडवण्याची मजा सांगायची तर ती कागदाची लांब पट्टी. नुसती पाहिली तर विस्कळीत अक्षरं, योग्य जाडीच्या दांड्यावर तिरकी गुंडाळली की ओळी जुळतात. पेन्सिलीवर जुळेना, वहीच्या गुंडाळीवर जुळेना. शेवटी झाडूच्या दांड्यावर एकेक अक्षर शेजाऱ्याला येऊन भिडलं आणि आपण सगळे एकदम ओरडलो.

जो जिंकेल त्याने पुढचा खेळ रचायचा, हा आपला नियम. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातही १९८१ पासून मिस्टरी हंट नावाचा असाच कोड्यांचा खेळ चालतो, जानेवारीत. आवारात कुठेतरी लपवलेलं नाणं शोधायचं, आणि जिंकलेल्या संघाच्या वाट्याला बक्षीस म्हणून पुढच्या वर्षीचा सगळा खेळ रचण्याचं काम येतं. लोकांना ही शिक्षा वाटेल. तुला-मला वाटणार नाही.

म्हणून एक बेत आहे. सगळे आता वेगवेगळ्या गावी आहेत, तर खेळ टपालाने करू. प्रत्येकाला एक लिफाफा, आणि कोणाचंही कोडं दुसऱ्याच्या लिफाफ्यातल्या तुकड्याशिवाय सुटणार नाही असं. म्हणजे एकमेकांना फोन करणं आलंच! कोणी कोणाशी किती दिवसांत बोललेलं नाही ते आठवून जोड्या लावू. ज्यांचं बोलणं तुटलंय, त्यांचे तुकडे मुद्दाम एकमेकांना जुळणारे ठेवू. शेवटचं उत्तर म्हणजे सगळ्यांनी भेटायची जागा. ती जागा तू ठरव, मी तिथून मागे यायला सुरुवात करतो. आणि ती जुनी वही तुझ्याकडेच असेल तर पंचवीस घरांचं पान तेवढं पाठव, तुझ्याच अक्षरातलं हवंय.

पत्राची वाट पाहतो.

तुझा,
चिठ्ठ्यांमधला जोडीदार