खो-खोच्या सरांना, दमा असलेल्या मुलीच्या आईकडून

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

मुलीला दमा आहे म्हटल्यावर "मग मैदानावर नकोच" असं न म्हणणारे तुम्ही पहिले. आधीच्या शाळेत पी.टी.च्या तासाला तिला कट्ट्यावर बसवून बाकीच्यांची दप्तरं राखायला देत. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी म्हणालात, "पंप कधी, किती घ्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून आणा." तो कागद तुमच्या किटबॅगेत स्पेसरशेजारी (पंपाला जोडून औषध ओढायची नळी) कायम असतो.

पळताना मूल तोंडाने भराभर श्वास घेतं, थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आतून सुकतात आणि आवळतात, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. त्रास बऱ्याचदा पळणं थांबल्यावरच वाढतो, हेही. पण साताऱ्याच्या डिसेंबरात भल्या सकाळी हे सगळं सांभाळलंत तुम्ही. डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे सरावाच्या पंधरा मिनिटं आधी पंप, नाकातोंडावर रुमाल, मग हळूहळू वेग वाढवत वॉर्मअप. धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाणी मारायचं (त्याचं सुख सगळ्यांनाच). आणि सुरुवातीला तिला पाठलाग करणाऱ्यांच्या पाटीत बसवलंत, ते तर फारच बरं झालं. खो मिळाला की थोडा वेळ जीव तोडून पळायचं, खो देऊन पुन्हा बसायचं. मैदानाला सलग फेऱ्या मारण्यापेक्षा तिला हे झेपलं.

डाव संपला की तुम्ही तिला विचारता, "आज डब्यात काय?" मला आधी वाटायचं, सरांना भूक लागली असेल! ती एका दमात सांगते की शब्दाशब्दाला अडकते, ते तुम्ही ऐकत असता. अडकली की खेळ बंद, ताठ बसवायचं, पंप द्यायचा आणि लगेच मला फोन.

सगळ्यात मोठे आभार मात्र वेगळ्याच गोष्टीचे. आमच्या एका नातेवाइकांनी मैदानावरच सुनावलं, "आता पळते ना, मग रोजचा पंप कशाला? सवय लागेल." तुम्ही तिथल्या तिथे म्हणालात, "रोजचा पंप आतली सूज आटोक्यात ठेवतो, म्हणून ती पळतेय. कमी करायचा तो डॉक्टरांनीच." हेच मी घरी कितीदा सांगितलं असेल, पण सरांनी सांगितलं की पटतं!

जुन्या स्पेसरची झडप नीट बसत नाही. सोमवारी नवा पाठवते, जुना किटबॅगेतून काढून टाका. सोबत डॉक्टरांचा नवा कागदही आहे, तालुक्याच्या स्पर्धेला जाताना तोच घ्या.

आपली,
एका खेळाडूची आई