कोकणकन्या पकडायच्या आधी

परळ, मुंबई

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही दोन शब्द बोलून लगेच आईकडे देता, म्हणून हे पत्र.

हार्ट अटॅकनंतर तुम्हाला इथे परळला हॉस्पिटलात आणलं, त्या सकाळचं डोक्यातून जात नाही. दिवसभर लोकांच्या छातीवर ईसीजीचे रबरी कप लावते मी, पण तुमच्या छातीवर तिसरा कप बसेचना. माझाच हात थरथरत होता. मशीनमधून कागद सरकत आला. जी रेघ खाली यायला हवी, ती टेकडीसारखी वरच. तुम्ही पडल्या पडल्या विचारलंत, "सगळा बरा आसा मां गो?" मी हो म्हटलं.

आदल्या संध्याकाळी पाचला छाती आवळली. मग लिंबू-सोडा, मग ओवा, मग रिक्षाने कुडाळ, मग कोकणकन्या. आणि एवढ्या गडबडीत आई कुळथाच्या पिठाची पिशवी विसरली नाही! दादरला उतरलात तेव्हा बारा तास उलटून गेले होते. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. बारा तासांनंतर सहसा देत नाहीत. अँजिओप्लास्टीने नस उघडली, पण तोवर मेलेला हृदयाचा स्नायू काही परत येत नाही. जिना चढताना लागणारा दम त्याचा आहे, वयाचा नव्हे.

गावातलं ग्रामीण रुग्णालय घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. "थंय काय, तापाच्या गोळयो" हे तुमचं ठरलेलं. कोकणात तज्ज्ञांच्या जागा रिकाम्या राहतात, हे मीही नाकारत नाही. अँजिओप्लास्टी तिथे होणार नाहीच. पण ईसीजी निघतो, तो फोनवरून मोठ्या डॉक्टरांना दाखवता येतो, आणि पुढे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात की गोव्याला बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं, ते वेळेत ठरतं. पहिला तास तिथेच वाचतो, परळला नाही.

आणि लहान दवाखान्याला नावं ठेवताना बावस्कर डॉक्टर आठवा. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रात्र-रात्र विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसले. त्यांनी टिपलेली लक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या जगप्रसिद्ध नियतकालिकाने छापली आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने ते रोगी वाचायला लागले. बिरवाडीतून, मुंबईतून नव्हे.

आई, आता तुझं. साखर असलेल्यांना छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागला, दरदरून घाम फुटला, जबडा किंवा पाठ भरून आली, तरी "पित्त झालं" म्हणून पडून राहू नकोस. अँब्युलन्सला १०८ लाव, पैसे लागत नाहीत. ओटीवरच्या कॅलेंडरवर नंबर मोठा लिहून ठेव. मला फोन नंतर कर. मी पाचशे किलोमीटरवरून काय करणार?

सोबत बाबांच्या ईसीजीच्या दोन झेरॉक्स आहेत. मूळ कागद उन्हात, प्लास्टिकच्या पिशवीतही पुसट होतो, म्हणून झेरॉक्स. एक बाबांच्या पाकिटात, एक देवघराच्या खणात. नवीन ईसीजी काढला की डॉक्टरांना जुना दाखवायचा. फरक लगेच कळतो.

बाबा, रक्त पातळ करायच्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून बंद करायच्या नाहीत. आईला रोज गोळीचं रिकामं पाकीट दाखवायचं. हसू नका.

पीठ संपत आलंय. या खेपेला कुणाबरोबर तरी पाठवा, स्वतः घेऊन येऊ नका.

तुमची,
बाय